पहिला घास पाण्याले

कैकलूर, आंध्र
१४ जुलै २०२४

गोपिकाबाई, तुहा लहान भाऊ इथूनच पाया पडतो.

तुहं पत्र भेटलं. बांधावर उभ्या उभ्या दोनदा वाचलं. फोन काहून करत नाही म्हणून विचारलं तू. माहा मोबाईल मागच्या महिन्यात पाण्यात गेला, त्याच्यासंगं सारे नंबर गेले. आता मुकादमाचा फोन मागून सडकेपर्यंत जावं लागते, इथी नेटवर्क नाही. अन् लावू कोणाले? घरात एकच फोन, तोही बाबाच्या खिशात. माहा आवाज ऐकला का बाबा कट करते. त्यापेक्षा तू शाळेत खिचडी शिजवतं त्या शाळेच्या पत्त्यावर लिहिलेलं बरं. आठवीपर्यंतचं शिक्षण कामी येऊन राहिलं, असं समज.

आता आपल्या बोडीची, तळ्याची गोष्ट. तू लिहिलं का मासा साडेचारशे ग्रॅमच्या पुढं सरकून नाही राहिला. दसऱ्याले मच्छीमार सोसायटीवाले जाळं टाकून वजन करतीन, अन् सरासरी किलोभर नाही निघाला तर बोडी बाबाच्या हातून जाईन, कृष्णकांत ठेकेदाराले भेटन. बाई, बोडी गेली तर बाबा महिनाभर जगत नाही, हे तुलेही माहीत अन् मलेही.

मंग ध्यान देऊन वाच. इथी ढेप-कोंडा आपल्यासारखा मुठीनं फेकत नाहीत. पोत्याले भोकं पाडतेत, बांबूले बांधून पाण्यात लोंबकळत ठेवतेत. मासा येऊन भोकाले तोंड लावते, जसं वासरू. पण खरा हुनर वेगळाच हाय. मासा वाढवाचा असन तर त्याले आधी उपाशी ठेवा लागते! सात दिवस एक दाणा नाही. मंग चौदा दिवस पोटभर. उपाशी मासा असा पिसाळून खाते का मागचं सारं भरून काढते अन् वरून पुढं जाते. आमच्या इंजिनेर साहेबानं चार नंबरच्या तलावात जाळीचे कप्पे करून हेच चालू केलं हाय. मी सोता रोज पाहतो. मी टेक्निशन हाय इथी, काय समजली?

बाबाले माहं नाव सांगू नको. ज्या हातानं मी अंड्यावरचा मासा काढून दोस्ताईले पार्टी देल्ली, त्या हाताचं तो पाणीही घेणार नाही. भरल्या ताटावरून उठवलं होतं त्यानं मले, विसरलो नाही मी. सांगजो का शहरातल्या, सदरच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसमधल्या साहेबानं सांगितलं. साहेब म्हटलं का बाबा मान खाली घालते.

तुहा,
सौरव


कुही
२५ जुलै २०२४

सौरव बाबू,

टेक्निशनसाहेब, तुमचा हुकूम अमलात आला. सोमवारपासून चारा बंद. आज चवथा दिवस.

बाबाले सांगितलं का सदरच्या साहेबाचा निरोप हाय. पह्यले तर तो हसला. म्हणे, "साहेबानं सोताचं पोट सात दिवस बांधून पाह्यलं काय?" मी म्हटलं, बाबा, शिकलेले लोक हायेत, त्याईले जास्त समजते. साहेबाच्या शब्दाबाहेर जाणं त्याले जमत नाही. एवढंच म्हणे, "ज्याले आपण पाळलं त्याच्या तोंडचं काढाले सांगून राहिले. ठीक हाय. सोसायटीसाठी सोसू."

तुले तं माहीत हाय त्याचा नेम. पह्यला घास पाण्याले, मंग सोताले. अजून तसाच हाय. आई रागवे, "चंपतराव, बायको उपाशी मरो, तुमचे मासे जेवले पाह्यजेत." आठवते?

खोटं सांगत नाही, बोडीवर जावं वाटत नाही आजकाल. पाय वाजला का मासे काठाले येतेत. एक-दोन नाही, सारं पाणी काळं होते. तोंडं उघडी करून पाहत राहतेत. काल मी घागर घासाले उतरली तं पायाच्या बोटाले तोंडं लावू लागले. दात नाहीत त्याईले, तरी मी किंचाळून बाहेर आली.

बाबानं आपली खाट बोडीवरच्या झोपडीत नेली. म्हणते, चोर येते. मी रोज सकाळी शाळेत जाताना डबा देऊन येतो, त्यात शुगरची गोळी कागदात बांधून. संध्याकाळी डबा चाटूनपुसून साफ वापस येते. गोळीचा कागदही रिकामा. त्याची काळजी करू नको.

तू काय खातं तिकडं? लिहीत नाही कधी.

गोपिका


कैकलूर
२ ऑगस्ट २०२४

बाई,

भेऊ नको वं. काठाले येतेत म्हणजे बरोबर चालू हाय. पह्यले चार दिवस मासा असाच करते. मंग हळूहळू गप होते, खाली जाऊन बसते, ताकद वाचवते. गप झाला का समजाचं, लागू पडलं. इंजिनेर साहेबाचे हेच शब्द हायेत.

मी काय खातो? भात. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी त्याच भाताचा भात. एवढी आंबट चटणी का डोळ्यातून पाणी येते अन् लोकं समजतेत पोट्टा घरची आठवण करून राहिला. इथंही जास्त दिवस मन लागन असं वाटत नाही. भीमावरमच्या पुढं झिंग्याचे तलाव हायेत, तिकडं जावं म्हणतो. तू म्हणशील, बुटीबोरीत टिकला नाही, सदरच्या हॉटेलात टिकला नाही, सुरतेत टिकला नाही. खरं हाय. पण बोडीचं काम होईपर्यंत कुठी जात नाही, ही जबान समज.

तुह्या पत्रावरून मले हिंमत आली. आता चौदा दिवस पोटभर दे. पुढच्या बारीस मात्र सात नको, दहा दिवस उपाशी ठेवजो. जेवढी भूक मोठी तेवढी वाढ मोठी, सीधा हिसाब हाय. दसऱ्याले दिवस कमी हायेत, हळू हळू चालाले आपल्याजवळ टाइम नाही.

अन् दर खेपेले दहा मासे तोलून मले लिहीत जाय. पाच झोपडीजवळचे, पाच पल्याडच्या बांधाजवळचे, पाळीकडचे.

सौरव


कुही
१६ ऑगस्ट २०२४

सौरव,

यात राखी हाय. सोमवारपर्यंत पोचन का नाही देव जाणे, उशीर झाला तरी बांधजो. मुकादमाच्या बायकोले सांगजो बांधून द्याले, तेलुगू असली तरी बहीण बहीणच असते.

तुहं म्हणणं खरं निघालं. चारा चालू केला त्या दिवशी बोडी उकळल्यासारखी झाली. ढेपेचं पोतं अर्ध्या घंट्यात खाली. बाबाचं नवल सांगतो, त्या दिवशी तोही पाच भाकरी खाल्ला! बसल्या जागी. हात थरथरत होते अन् खाऊन राहिला होता. मी म्हटलं, बाबा, हळू, कोणी हिसकावून नाही राहिलं. तं म्हणे, "आज साऱ्याईचं जेवण झालं वं." मले वाटलं बोडीवरची हवा लागली.

सोमवारपासून दुसरा उपास चालू हाय, तुह्या म्हणण्यापरमाणं दहा दिवसांचा. काल मासे तोलले. झोपडीजवळचे सरासरी सहाशे चाळीस. पाळीकडचे पाचशे साठ. एवढा फरक कसा, मले नाही समजलं.

बाबाचं अंग जरा उतरलं. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाचं उतरतेच. हातातली आंगठी पाण्यात गळून पडली, आईची होती ती. दिवसभर डोंगा घेऊन शोधत होता. मी म्हटलं डागदराकडं चाल, तं म्हणे मी ठणठणीत हाय, डबा साफ करतो का नाही? आता डबा साफ येते म्हटल्यावर मी काय बोलू?

गोळी मात्र चुकवत नाही. त्याचा शब्द हाय, आईले देल्लेला.

गोपिका


कैकलूर
२३ ऑगस्ट २०२४

बाई,

राखी चार दिवस उशिरा भेटली, बांधली. मुकादमाच्या बायकोनं ओवाळलंही. ओवाळणी म्हणून तिले एक रोहू देल्ला, तिच्याच तलावातला.

पण तुह्या वजनाचा आकडा वाचून डोकं गरम झालं. उपाशी मासा वाढत नाही, बाई! उपासात वजन घटते, नाही तं जागीच राहते. झोपडीजवळचा मासा चवथ्या दिवशीही पाळीकडच्यापेक्षा भारी हाय म्हणजे तिथी कोणीतरी चोरून चारून राहिलं. अन् झोपडीत कोण राहते? बाबा. दुसरं कोण असन?

मले माहीत होतं त्याच्याच्यानं राहवणार नाही. जलमभर कोणाचं ऐकलं नाही, आता साहेबाचं तरी काय ऐकन. त्याच्या दयेपायी बोडी जाईन, एवढं त्याले समजत नाही काय? तू एक काम कर. ढेप-कोंड्याची कोठी कुलूप लावून बंद कर अन् चाबी सोताच्या गळ्यात बांध. मागितली तरी देऊ नको. रडला तरी देऊ नको. साहेबाचा हुकूम म्हण.

तिसरी बारी शेवटची. पोळ्याच्या दिवसापासून चालू कर, अन् या वेळी पूरे चौदा दिवस. दाणा नाही. मंग दसऱ्यापर्यंत एकसारखं पोटभर. तू पाहशील, किलोच्या वर जाते का नाही. कृष्णकांत जाळ्याकडं पाहतच राहीन.

मी एकदा तरी बाबाले दाखवून देईन का मी फालतू नाही.

सौरव


कुही
५ सप्टेंबर २०२४

सौरव बाबू,

तुह्या म्हणण्यापरमाणं सारं केलं. कोठीले कुलूप, चाबी माह्या गळ्यात. बाबानं एकदाच मागितली. मी साहेबाचं नाव घेतलं तं त्यानं माह्या गळ्यातल्या चाबीकडं पाह्यलं, बस. पाठमोरा झाला. तवापासून मन खात हाय माहं.

पोळा झाला. पुरणाच्या पोळ्या केल्या, आठ पोळ्या, तूप, वडे, असा डबा भरून बोडीवर गेली. म्हटलं आज समोर बसून जेवताना पाहू. तर तो म्हणे, ठेव, मी बैलाईची मिरवणूक पाहून जेवतो. निघाली, अन् पळसाजवळून मागं वळून पाह्यलं तं काय सांगू. म्हातारा पाण्यात गुडघाभर उभा अन् एक एक पोळी कुस्करून पाण्यात टाकून राहिला. सारे मासे पायाजवळ. मी तिथूनच ओरडली, बाबा, काय करून राहिले? सणाची पोळी माशाले? तो म्हणे, "सण त्याईलेही हाय वं. पण दोन-चार पोळ्यात कोणाकोणाचं भागन?" मी लय रागावली. मंग वाटलं, सणावाराचं काय बोलाचं. आईची आठवण आली असन त्याले. तुहं खरं निघालं एवढं मात्र समजलं, कोण चारून राहिलं होतं ते. माह्याच हातचा डबा थोडा थोडा जात होता म्हणजे. आता मी भाकरी एक जास्त टाकतो, त्याच्यासाठी उराले पाह्यजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं दारात उभे केलेले पळसाच्या फांद्याईचे मेढे उचलले, शिवेवर नेले. पोरं ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत." दरसाल बाबा सगळ्यात पुढं असते, सगळ्यात मोठ्ठा आवाज त्याचा. यंदा झोपडीच्या दाराशी बसून होता. मी म्हटलं, ओरडा ना. तर ओठ हलले, आवाज नाही आला.

मासेही गप झाले आता. काठाले येत नाहीत. पाणी साफ दिसते, जसं काही त्यात जीवच नाही. तू म्हटलं तसंच झालं, गप झाले का लागू पडलं. बाबाही तसाच गप. माणूस जिथी राहते तिथला गुण लागते म्हणा.

आज तोललं. सरासरी सातशे ऐंशी.

गोपिका


कैकलूर
१० सप्टेंबर २०२४, सकाळ

बाई,

हे पत्र हातात पडल्यापडल्या चाबी काढ अन् कोठी उघड. पह्यलं हे कर, मंग पुढचं वाच.

बाबा जेवून नाही राहिला. तुह्या पोळ्याच्या गोष्टीवर माहा हात थांबला. तो थोडं थोडं नाही टाकत, बाई, सारं टाकते. तुहा डबा मासे साफ करतेत. तो नेम हाय त्याचा, पह्यला घास पाण्याले. पाण्याले घास नाही तं त्याले नाही. आठव, मी लहान होतो तवा पूर आला होता, बोडीकडची वाट दोन दिवस बंद. दोन दिवस बाबा पाण्याच्या घोटावर होता अन् आई दारात बसून रडत होती. मले आठवत होतं. तुलेही आठवत होतं, तू सोताच्या हातानं लिहिलं मले जुलैमधी, अन् मी हसून पुढं वाचलं. पाच भाकरी खाल्ल्या त्या दिवशी तरी मले समजाले पाह्यजे होतं. मी माशाईचा हिसाब करत बसलो.

अन् ती गोळी. उपाशी पोटी शुगरची गोळी देऊ नको! इथी एका मुकादमानं उपासाच्या दिवशी घेतली होती. घामानं भिजला, बरळला, मंग झोपल्यासारखा पडला. लोकं म्हणे थकला असन, झोपू द्या. इंजिनेर होता म्हणून वाचला, त्यानं तोंडात साखरेचं पाणी घातलं अन् गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. बाबा घामात झोपलेला दिसला तं झोपू देऊ नको. तोंडात साखर घाल, अन् लगेच कुहीच्या दवाखान्यात ने.

आणखी एक. मी टेक्निशन नाही. मी पोते बांधतो. चार नंबरच्या तलावावर लावलेला तक्ता मी दुरून पाहत होतो, निकाल कोणाले माहीत नव्हता. परवा कप्पे उपसले. सात दिवसवाले कसेबसे बाकीच्याईच्या बरोबरीले आले, पुढं नाही गेले. दहावाले मागं राहिले. चौदा दिवसवाले तं राहूनच गेले, डोकं मोठं अन् अंग बारीक. मंग कितीही चारा, ते भरून येत नाही. इंजिनेर म्हणे, एका हद्दीच्या पुढं भूक परत फिरत नाही. ते मी तुले परवाच लिहाले पाह्यजे होतं. लाजेनं लिहिलं नाही.

काल संध्याकाळी सडकेवर जाऊन बाबाचा नंबर लावला, तो एकच पाठ हाय मले. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. उद्या दुपारी विजयवाड्याहून गाडी पकडतो. त्याच्याआधी पुन्हा लावतो, मुकादमाच्याच नंबरावरून. बाबानं कट केला तरी लावत राहीन. त्याले सांगीन का साहेब-बिहेब कोणी नव्हता, मी होतो. माहं नाव ऐकलं का तो चारा टाकन, मले शिव्या देत देत टाकन. पह्यल्याच दिवशी तुले माहं नाव सांगू देल्लं असतं तं त्यानं ऐकलंच नसतं.

पत्र पह्यले पोचते का मी, माहीत नाही.

सौरव


कुही
११ सप्टेंबर २०२४

सौरव बाबू,

आज शाळेले सुट्टी हाय म्हणून बोडीवर बसूनच लिहितो. बाबा खाटेवर झोपला हाय. सकाळी आली तवाही झोपला होता. कालचा डबा साफ होता, गोळीही घेतलेली. आजची गोळी हलवून उठवून देल्ली, डोळे न उघडता गिळली त्यानं. मंग पुन्हा झोपला. कित्येक दिवसानं असा गाढ झोपला म्हातारा, मले बरं वाटलं.

उद्या त्याले डागदराकडं घेऊनच जातो. अंगावरची बंडी ढिली झाली हाय, जशी दुसऱ्याची घातली. पण तूच म्हणतं ना, पूरे चौदा दिवस सोसाचं. पाच दिवस राहिले फक्त. मंग कोठी उघडतो अन् चाबी बाबाच्या हातात देतो. सदरचा साहेब नव्हता, आपला सौरव होता, हेही सांगून टाकीन म्हणतो तवा. मासा किलोचा निघाला का तुह्यावरचा राग राहणार नाही त्याचा. तू दिवाळीले ये. तुहं ताट मी त्याच्या बाजूले मांडीन.

दुपारचं लिहितो. अजून झोपलाच हाय. घाम लय सुटला, उकाडाही तसाच हाय. पदरानं पुसून देल्ला. मधीच बरळला. "घातलं काय त्याईले?" मी म्हटलं, हो बाबा, पोटभर घातलं. खोटं बोलली, पण त्याच्या तोंडावर असं काही आलं का बोलल्याचं बरं वाटलं. म्हणे, "मंग वाढ मले." मी डबा उघडला, घास केला, तोंडाजवळ नेला. तोवर पुन्हा डोळा लागला होता. घास तसाच झाकून ठेवला. उठला का खाईन.

त्याचा फोन उशाशी वाजून राहिला होता. कोणता तरी भलताच नंबर, कंपनीवाल्याईचा असन. वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला, सात-आठ डाव. बाबाची झोप मोडन म्हणून मी फोन बंदच करून टाकला.

आता इथी एकदम शांत हाय. पाण्यावर एक बुडबुडा नाही.

तुही,
गोपिका